बंद खोलीतलं जेवण

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा.

एक घर आहे. अंगणात तीन दगडांच्या चुलींवर मोठाली भांडी रटरटताहेत. ढोल वाजतोय, माणसांची ही गर्दी. आणि त्याच घरात एक खोली आहे. दार बंद. आत टेबल, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर वाढलेली ताटं...

आणि आत कुणीच नाही.

आता त्या दाराला कान लावा.

लावलात? मग ऐका. हे मी रचून सांगत नाही. मी तिथं होतो. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरिआकू बेटावर, आमच्या टेकडीवरच्या घरात, एका रविवारी, भर दुपारी. भुतं रात्रीच येतात असं कुणी म्हणत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

व्हर्लिना माझी मोठी बहीण. घरात सगळ्यांत वडीलधारी. आमच्या टेकडीचा उतार समुद्राला मिळतो, तो तुकडा तिला विकायचा होता. बाहेरचा कुणी तिथं हॉटेल बांधणार होता. अडचण एकच. त्या तुकड्यावर आमच्या शेजारणीचं, युरेलियाचं, घर होतं. तिची आई तिथंच वारली, आजीही तिथंच. कागद मात्र कुणापाशीच नव्हता.

"तू मास्तर ना? जुनी अक्षरं लागतात तुला," व्हर्लिना म्हणाली. "जमीन आपली आहे हे शोधून आण. मग ती बाई आपसूक गाशा गुंडाळेल."

मी बोटीने ग्रेनाडाला गेलो आणि नोंदणी कचेरीत बसून किनलॉक घराण्याचा माग काढू लागलो. किनलॉक म्हणजे आमच्याकडचे जुने मळेवाले गोरे साहेब. कापसाचे मळे त्यांचे, आणि मळ्यात राबणारी माणसंही त्यांचीच... विकत घेतलेली. आमची मूळ आजी रोझेट ही म्हाताऱ्या किनलॉकला एका गुलाम बाईपासून झालेली मुलगी. म्हणून आम्हीही किनलॉक.

मृत्युपत्रं, खरेदीखतं, पुन्हा मृत्युपत्रं. भावाचं झालं, विधवेचं झालं, पुतण्याचं झालं. शेवटी म्हाताऱ्याचं मृत्युपत्र हाती लागलं. 'रोझेटला मी मुक्त करतो. ही टेकडी, खाली समुद्रापर्यंत, तिला देतो.'

मी खुर्चीतून उठलोच आनंदाने.

मग पुढची ओळ वाचली...

'जमिनीबरोबर तिथली गुरं, आणि रोझेटच्याच आईची धाकटी मुलगी फीबा, हीही रोझेटच्या मालकीची राहील.'

मी खाली बसलो.

फीबा म्हणजे युरेलियाची खापरपणजी. हे नाव गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती रोझेटची बहीण होती, हे मात्र कुणालाच नाही.

मी रोझेटचंही मृत्युपत्र शोधलं. वाटलं, हिने तरी बहिणीला काही दिलं असेल. नव्हतं दिलं. सगळी जमीन स्वतःच्या मुलांना. आणि तळाशी एवढंच, 'फीबाची माणसं नीट वागतील तोवर त्यांना उतारावर राहू द्यावं.'

घरी येऊन मी दोन्ही नकला व्हर्लिनापुढे ठेवल्या.

"जमिनीची ओळ सगळ्यांना वाचून दाखव," ती म्हणाली. "बाकीचं खिशात ठेव."

"अगं, आपल्या रक्ताची आहे ती."

"किती पिढ्या गेल्या मध्ये! आता मला शिकवू नकोस, मी तुझ्या शाळेत नाही."

मी नकलांची घडी घातली आणि खिशात ठेवली.

पण जमीन विकायची तर आधी पूर्वजांचं ताट मांडावं लागतं. आमच्याकडे त्याशिवाय कुणी घराचं छप्परही बदलत नाही. जेवण बिनमिठाचं. थोरली बाई टेबलावर पाणी आणि रम शिंपडते, गेलेल्यांना एकेक करून नावाने बोलावते आणि दार ओढून घेते. त्यांचं जेवण होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. नंतर दार उघडलं की ते अन्न मुलांचं. मुलं अशी तुटून पडतात की विचारू नका!

त्या दुपारीही मुलं दाराशी रांग लावून उभी होती. सगळ्यांत पुढे व्हर्लिनाची नात मिरेल, सात वर्षांची.

इतक्यात कुंपणाशी युरेलिया येऊन उभी राहिली.

"काय गं व्हर्लिना, मेलेल्यांना जेवायला बोलावलंस आणि शेजारणीला विसरलीस?"

"तू मर, मग तुलाही बोलावते."

लोक हसले. युरेलियाही हसली. मला मात्र खिशातला कागद बोचू लागला.

व्हर्लिनाने नावं पुकारली. आजा, पणजा, बोटीसोबत बुडालेले काका. शेवटी रोझेट. मग दार ओढलं आणि खुर्ची टाकून ती दाराशी बसली.

ढोल घुमत होता.

थोड्या वेळाने आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला... सगळ्यांचे चेहरे खुलले. आले! पूर्वज आले!

मग काहीच नाही.

चमच्याचा आवाज नाही. पेल्याचा नाही.

ढोलवाल्याचा हात आपोआप थांबला. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

आणि मग... आत काहीतरी घासत सरकलं. टेबलावर नाही. खाली, जमिनीच्या लाकडी फळ्यांवर. सावकाश, टेबलाकडून दाराकडे.

दाराच्या अगदी मागे येऊन ते थांबलं.

कुणीतरी जेवत होतं. बोटांनी. घाईघाईने... जेवता जेवता मध्येच कुणी कामाला हाक मारेल या भीतीने जेवावं, तसं.



"वारा आहे," व्हर्लिना म्हणाली.

वारा नव्हता.

तेव्हा दारावर टकटक झाली. आतून. आणि खूप खालून, आपल्या गुडघ्याच्या उंचीवरून... खाली बसलेल्या माणसाचा हात पोचतो तिथून.

मला राहवलं नाही. मी दार ढकललं.

टेबल जसंच्या तसं होतं. मेणबत्तीची ज्योत हलत नव्हती. मक्याच्या पिठाचे शिजवलेले घट्ट गोळे, म्हणजे आमचे कूकू, मासे, कोंबडी, कशालाही कुणी शिवलं नव्हतं. एक खुर्ची मात्र टेबलाजवळ ओढलेली होती, जणू कुणी तिच्यावर बसलंय.

फक्त टेबलावरचं एक ताट खाली होतं. दाराच्या मागे, कोपऱ्यात. अर्धं संपलेलं. कूकूमध्ये बोटांच्या खुणा उमटलेल्या.

रोझेटच्या त्या बहिणीला कुणी टेबलाशी बसवलंच नव्हतं कधी. जिवंतपणी नाही. आणि आम्हीही तिचं नाव घेतलं नव्हतं.

मी खिशातून कागद काढला. शेवटच्या शब्दापर्यंत सगळं मोठ्याने वाचलं. युरेलिया कुंपण ओलांडून केव्हा आली कळलं नाही. व्हर्लिनाने मला अडवलं नाही. ती फक्त त्या कोपऱ्याकडे बघत राहिली आणि पुटपुटली, "फीबा..."

युरेलियाचं घर आजही उतारावर आहे. जमिनीच्या कागदावर आता दोन्ही घरांची नावं आहेत. तुम्ही म्हणाल, मग झालं की!

पण मुलांनो, त्या खोलीपुढून जाताना मी अजून आत बघत नाही. टेबलाशी त्या दिवशी कोण बसलं होतं? रोझेट? सगळा वेळ ती बहिणीला खाली जेवताना बघत होती का? आणि मग ती स्वतः का जेवली नाही? मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं धाडसही नाही.

एवढंच सांगतो. त्या दुपारी आम्ही मोठी माणसं उंबऱ्याबाहेर थिजून उभी होतो. भुकेली मुलंसुद्धा हलत नव्हती. तेव्हा मिरेल आजीच्या हाताखालून आत शिरली. टेबलाकडे तिने पाहिलंही नाही. ती कोपऱ्यात गेली, त्या ताटाच्या अलीकडे मांडी घालून खाली बसली. कूकूचा एक घास मोडून तोंडात टाकला. मग समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत, ताट हलकेच त्या बाजूला सरकवलं आणि म्हणाली,

"सावकाश जेव. कुणी हाक मारणार नाही."