काचेची कोंबडी

"सोडा!"

"तुम्ही सोडा!"

परक्या मुलखात, भर गर्दीत मराठीत खेकसलो, हे कळून दोघंही दचकले.

कतारच्या लुसैल शहरातल्या उंच टॉवरात, देश सोडून निघालेल्या एका अमेरिकन बाईने घरातलं सामान विकायला मांडलं होतं. त्यातलं एक निळं भांडं उल्का आणि शौनक यांनी एकदमच धरलं. खाली काचेची टोपली, वर झाकण म्हणून ऐटीत बसलेली काचेची कोंबडी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वितळती काच लोखंडी साच्यात दाबून असली भांडी काढायचे. शौनकला त्यांचं भारी वेड. पण त्या क्षणी तो भांडं सोडून उल्काच्या वटारलेल्या डोळ्यांकडेच बघत राहिला... कतारच्या जूनमध्ये अंगावर काटा यावा, असे डोळे!

शेवटी तह झाला. कोंबडी उल्काकडे, टोपली शौनककडे. निकाल शुक्रवारी, कॉफीवर. निकाल कसला लागतोय! शुक्रवारामागून शुक्रवार गेले, 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"कोंबडी देतेस?"

"स्वप्नात!"

आणि एका शुक्रवारी उल्काने ओढणीत गुंडाळलेली कोंबडी त्याच्यापुढे सरकवली. "घे. तुझीच. खलास."

शौनक हादरला. कॉफीची वाफसुद्धा वर जाता जाता थबकली, अगदी देवाशपथ!

"अगं, पण... का?"

"आईने पुण्यात स्थळ बघितलंय. पुढच्या आठवड्यात निघतेय. मागे भांडण नको."

आता गप्प बसलो तर ही गेलीच! शौनकने सोबतची टोपली काढून कोंबडी तिच्यावर ठेवली.

"ही कोंबडी या टोपलीची नाहीच!"

"काय?"

"डुगडुगते बघ. साच्याची रेघसुद्धा जुळत नाही. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. पण बोललो असतो, तर तू शुक्रवारी कशाला आली असतीस? उल्का, मला कोंबडी नकोय... तू हवीयस."

उल्काने शांतपणे पिशवीतून दुसरी निळी टोपली काढली. कोंबडी वर ठेवली. टक्! जराही हलली नाही.

शौनकचा चष्मा कपाळावर चढला. "ही... कुठून?"

"तिथूनच. बाईने ही कोंबडी भलत्याच टोपलीवर बसवली होती. हिची खरी टोपली बिनझाकणाची पडली होती, ती तू यायच्या आधीच घेतली होती मी."

"मग टोपलीसाठी भांडलीस कशाला?"

"तू कशाला भांडलास?" गालातल्या गालात हसत तिने फोन लावला, स्पीकरवर. "आई, बोलला गं एकदाचा!"

"सुटले बाई!" पुण्याहून आवाज आला. "त्या स्थळाला नकार कळवते. आणि त्याला म्हणावं, ये लवकर घरी. येताना ती जास्तीची टोपली आण. लोणच्याला होईल."

शौनकचा वासलेला जबडा मिटेपर्यंत कॉफीचं सरबत झालं होतं.