रिकाम्या कुपीतलं थिनर

विश्वास ठेवू नका, कुणीच ठेवत नाही! पण चंद्रावरच्या पहिल्या पाणीटाकीला आतून रंग दिला तो या तुमच्या भार्गवआजोबानं. आणि बक्षीस काय मिळालं? भेसळीचा आळ!

तिथला तपासनीस होता पारखी नावाचा यंत्रमानव. माझ्या रंगाचा नमुना त्यानं काचेच्या कुपीत घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “थिनर जास्त, रंग कमी. भार्गवराव, पुढच्या यानानं घरी जा.”

मी भडकलो. “अरे पत्र्या, पुरावा काय?”

“वर्णपटमापन (पदार्थानं कोणता प्रकाश किती शोषला ते मोजणं),” तो म्हणाला. “कुपीतून मी अवरक्त प्रकाश (डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश) सोडतो. त्यात निरनिराळ्या लांबीच्या लहरी असतात. द्रावक (रंग पातळ करून मग उडून जाणारा द्रव, म्हणजे तुमचं थिनर) ठरावीक लहरी गिळतो. बहुवारिक (साखळीसारखे लांब रेणू, रंग सुकल्यावर त्यांचाच पापुद्रा भिंतीला धरून राहतो) दुसऱ्याच लहरी गिळतो. रेणू जास्त, तर पलीकडे पोचणारा प्रकाश कमी. माहीत असलेल्या मिश्रणांशी ताडलं की प्रमाण कळतं.”

शास्त्र बिनचूक होतं हो! मग माझा रंग खोटा कसा?

“आता शेजारची रिकामी कुपी मोज,” मी दरडावलं.

“रिकाम्यात काय असणार?”

“मोज म्हणतो ना!”

मोजली. रिकाम्या कुपीतही थिनर! डबा थिनरनं विसळून मगच रंग ओतायचा, ही आम्हा पेंटरांची रीत. या शहाण्यानं आमचं बघून सगळ्या कुप्याही तशाच विसळल्या होत्या, आणि वाळवल्याच नव्हत्या! इवलासा नमुना, त्यात तळाचे थेंब मिसळले. कोरड्या कुपीत माझा रंग चोख निघाला. पण माफी? छे! नुसता दिवा मिचकावला मेल्यानं.

“पण आजोबा, कुपी ओली होती हे तुम्हाला कळलं कसं?” माझी नात ईश्वरी मध्येच म्हणाली.

“नाकानं! प्रयोगशाळेबाहेर मोकळ्या चंद्रावर उभा राहिलो, हेल्मेट काढलं आणि हुंगलं. असा भपकारा आला म्हणून सांगू...”

“थाप! बाहेर हवाच नाही, तर वास नाकापर्यंत आणला कुणी? मी जाईन ना चंद्रावर, तेव्हा आधी रिकामी कुपी मोजेन. आणि हेल्मेट मुळीच काढणार नाही!”