गुलाबाच्या चोथ्यात कण्हेर

माझ्या दारात एक उंच माणूस उभा होता आणि त्याच्या खांद्यावर मान टाकलेली एक बकरी. शीराझच्या आमच्या पशुवैद्यक महाविद्यालयात बकऱ्या रोजच येतात. पण अंगाला गुलाबांचा इतका वास येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

“खानम, विषांवर संशोधन करणारे प्राध्यापक कुठे भेटतील?”

“तुमच्यासमोर.”

तो गोंधळला. “मला वाटलं… पांढरी दाढी असेल.”

“अजून उगवली नाही. ठेवा बकरीला टेबलावर.”

मी बकरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. “ठोके चुकताहेत.”

“कुणाचे?”

मी वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काळजी होती, पण ओठांच्या कोपऱ्यात…

“बकरीचे!” मी म्हटलं, आणि माझेच कान तापले.

त्याचं नाव फरामर्ज. मेमंद गावात त्याच्या गुलाबपाण्याच्या भट्ट्या होत्या. उकळून उरलेला पाकळ्यांचा चोथा तो शेजाऱ्यांच्या बकऱ्यांना फुकट द्यायचा. आता दोन बकऱ्या मेल्या होत्या, आणि सगळं गाव त्याच्या चोथ्याला विष म्हणत होतं.

मी बकरीला विष शोषणारी कोळशाची पूड पाजत असताना तो हळूच म्हणाला, “विष माझ्या भट्टीतलं निघालं, तर तसं स्पष्ट सांगा. त्याच दिवशी भट्ट्या विझवीन. मला वाचवू नका.”

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण दोष दुसऱ्यावर ढकलायला येतो. हा पहिलाच, जो…

दुसऱ्या दिवशी मी मेमंदला गेले. पावसाची बारीक भुरभुर चालू होती. त्याने माझ्या डोक्यावर फुलं वेचायचं गोणपाट धरलं आणि स्वतः भिजत उभा राहिला. भिंतीलगतचा चोथ्याचा ढीग मी उपसला. पाकळ्यांखाली लांबट, जाड पानं निघाली. कण्हेर! आमच्याकडे तिला खरज़हरे म्हणतात, म्हणजे गाढवाचं विष.

“बकऱ्यांना वाटलं असेल, आपल्याला चालतं,” फरामर्ज म्हणाला. मला हसू आवरेना.

भिंतीपलीकडे नुकतीच छाटलेली कण्हेर दिसत होती. ते अंगण शेजारच्या तूरान आत्याचं, फरामर्जला सगळ्यांत जास्त शिव्या देणारीचं.

“झालं! आता गावाला सांगा,” मी म्हटलं.

“बाहेरचा पाला पडला, एवढंच लिहा. नाव नको.”

“का? गाव तुम्हाला नावं ठेवतंय.”

“मला सवय झालीय. तिला सोसणार नाही. मेलेल्या बकऱ्यांच्या बदल्यात माझ्या दोन देऊन टाकतो.”

“मी खोटं लिहीत नाही,” मी चिडून म्हटलं.

“खोटं नकोच… फक्त नाव नको.”

तेवढ्यात भिंतीवरून आत्याचं ओलं डोकं वर आलं. ती सगळं ऐकत होती. “नाव का नको? लिही बाई, तूरान! मीच फेकला तो पाला. बकऱ्या मीच भरून देईन, आणि गावालाही मीच सांगेन!” डोळे पुसत ती त्याच्यावरच ओरडली, “आणि मेल्या, पाहुणीला चहा तरी विचारलास का? नुसता बघत उभा राहिलाय!”

भट्ट्या चालूच राहिल्या. बकरी बरी झाली. तरी फरामर्ज तिला तपासायला म्हणून दोनदा घेऊन आला. मग लंगडणारा कोंबडा आणला. माझ्या टेबलावर उतरताच तो कोंबडा तुरूतुरू धावला.

आणि एका सकाळी फरामर्ज रिकाम्या हातांनी आला.

“कोण आजारी?” मी विचारलं.

“कुणीच नाही. सगळे ठणठणीत.”

“मग…?”

“तेच सांगायला आलोय.” तो दाराची कड चाचपत राहिला. “तुम्हाला बघायचं तर कुणीतरी आजारी पडायची वाट बघावी लागते… ते आता माझ्याच्याने होत नाही. आईला मागणी घेऊन तुमच्या घरी कधी पाठवू?”

बाहेर विद्यार्थी माझी वाट पाहत होते. पहिल्यांदाच मला त्यांचा तास आठवला नाही.

“शुक्रवारी,” मी म्हटलं. “आणि त्यांना एकट्या नका पाठवू… तुम्हीही या.”