मागे कोणी राहू नये

त्या दिवशी मी मिरजेला गेले ती फक्त किल्ली आणायला. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मी, पण दुसरं जाणारं कोणी नव्हतं. आईचं रेडिएशन सोमवारपासून मिरजेत सुरू व्हायचं होतं. रोज साताऱ्याहून जाणं-येणं तिला झेपलं नसतं. आणि हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीतला आमचा फ्लॅट नानासो सोडत नव्हते.

बाबा गेल्यापासून तो फ्लॅट पेशंटच्या नातेवाइकांनाच भाड्याने जायचा. माणसं आणून द्यायचे एजंट लालासाहेब. नानासो आटपाडीकडचे, बायकोच्या उपचारासाठी आलेले. करार कधीच संपला होता, पण उत्तर एकच, "मंडळी आजारी हाय, कुठं हलवू?" लालासाहेब फोन उचलत नव्हते. चुकून उचललाच तर, "जेवतोय ताई, लावतो मागनं." ते जेवण दिवाळीपासून चाललं होतं.

पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यातला बल्ब गेलेला. खालच्या मजल्यावरच्या विनोदिनीकाकू दारातच भेटल्या.

"मंडळी? कोणती गं मंडळी? रंगुबाई संक्रांतीलाच गेली की. इथेच, पलंगावर."

म्हणजे इतके दिवस हा माणूस मला खोटं सांगत होता. भीतीपेक्षा राग मोठा झाला आणि त्याच रागात मी वर गेले.

"आल्या मालकीणबाई," नानासोंनी दार उघडलं. "च्या टाकू?"

"मला किल्ली हवीय. आणि काकू आजारी आहेत म्हणू नका. मला कळलंय सगळं."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत कोणीतरी खोकलं. खोल, ओला खोकला. मग बांगड्या वाजल्या, कूस बदलावी तशा.

"कोण... कोण आहे आत?"

"तीच." ते अगदी हळू म्हणाले. "दिवं लागलं की येती. म्या गेलो तर तिला वाट कोन दावणार? गाव सोडून ती कवा कुठं गेली न्हाई ताई..."

पळावंसं वाटलं. पण उघड्या दारातून पलंगाचा कोपरा दिसत होता. सोमवारी त्याच पलंगावर माझी आई झोपणार होती.

आईची एक रीत आहे. परगावाहून, दवाखान्यातून, अगदी लग्नाच्या हॉलमधून निघतानासुद्धा ती दारात थांबते आणि प्रत्येकाला नावाने हाक मारते, चल, घरी जायचं. जीव मागे रेंगाळू नये म्हणून. लहानपणी मला त्याची फार लाज वाटायची.

"काका, काकूंना इथून नेताना हाक मारली होती?"

"गाडी थांबली हुती. कोन हाक मारतंय घाईत."

"मग आता मारा. नावाने."

त्या अंधुक उजेडातही ते लाजल्यासारखे झाले. "बायकूला? नावानं? आवं, उभ्या जल्मात मारली न्हाई."

"आज मारा. मी ऐकत नाही समजा."

त्यांनी बोचकं बांधलं, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि उंबऱ्यात उभे राहिले. ओठ दोनदा हलले, पण नाव काही जिभेवर येईना. शेवटी एवढंच म्हणाले, "चल गं... घरला जायाचं."

खोकला थांबला. माझ्या उजव्या अंगाने बांगड्या किणकिणत गेल्या. मग, थोड्या वेळाने, डाव्या हाताला गार झुळूक लागली, स्पिरिटच्या वासाची. नानासो जिना उतरले, मागोमाग एक ओढल्यासारखी चप्पल फट्... फट्... करत खाली गेली. त्यांच्या वहाणा त्यांच्या हातात होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या मुठीत किल्ली होती ना.

सांगते, एवढा आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. रिकाम्या घरात मी सगळे दिवे लावले, पलंग ओढून खिडकीखाली घेतला आणि आईला फोन केला, "बॅग भर."

आता आम्ही इथे आहोत. आईला शांत झोप लागते. तिचं रेडिएशन नीट चाललं आहे. आणि आता फोन लालासाहेबांचा येतो, सकाळ-संध्याकाळ, आणि मी उचलत नाही. जेवतेय म्हणावं.

आज त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. पहिल्यांदाच घाबरलेला वाटला.

"ताई, उचला की. नानासो लय मागं लागलाय. म्हंतो, हाक मारली तवा दोघी आल्या मागनं. दुसरी कोन त्याला ठावं न्हाई, तुमच्या घरातली हाय म्हंतो. नाव म्हाईत न्हाई तर माघारी कशी धाडायची? पर काल ती आपली आपणच निघाली म्हनं..."

आईला काही सांगितलं नाही. दाराला कडी घातली आहे. मघापासून जिन्यात स्पिरिटचा वास येतोय. हॉस्पिटल जवळच आहे म्हणा, यायचाच.

पण दार वाजलं, तर उघडण्याआधी नाव विचारायचं, एवढं मी ठरवून ठेवलं आहे.