मापारीचे दोन आकडे

सागवेळच्या खाडीवर वादळाचं पाणी अडवणारा एक पोलादी दरवाजा होता. तो चालवणारं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. २०६१ सालच्या फेब्रुवारीत गावाने ते नवं करायचं ठरवलं. वादळांचा हंगाम चार महिन्यांवर होता. कामाला किती वेळ लागेल, या एकाच प्रश्नाला गावाला दोन उत्तरं मिळाली. सॉफ्टवेअर कंपनीचे कारखानीस म्हणाले, तीन महिने. तपासणीसाठी आलेला यंत्रमानव मापारी म्हणाला, नऊ ते सोळा महिने.

बारा वर्षांच्या जुईलीला मापारीचा पहिल्या दिवसापासून संशय आला. तिची आई गावची सरपंच, म्हणजे निर्णय घरातच व्हायचा होता. ज्याला काम येतं तो एक आकडा सांगतो, दोन सांगणारा काहीतरी लपवतो, असं जुईलीचं मत होतं.

शिवाय मापारी भलतेच प्रश्न विचारत हिंडायचा. दरवाजाचे राखणदार हरेशकाका यांना त्याने विचारलं, की वीज गेली तर काय करता, होडी दरवाजात अडकली तर कुणाला कळतं, भोंगा कोण वाजवतं. जुईली खांबाआडून ऐकत होती. हा गावाच्या कमजोर जागा टिपून घेतोय, अशी तिची खात्री झाली. ती सरळ पुढे गेली.

"हे सगळं कुणासाठी लिहून घेतोयस?"

मापारीने छातीवरचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर साठ ओळी होत्या. त्याने सांगितलं, की सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते काय काय करणार यावरून त्याचा आकार मोजायचा. प्रत्येक ओळ म्हणजे एक कार्यघटक (वेगळं मोजता येईल असं एक काम). पूर्वीच्या अशाच प्रकल्पांत एका घटकाला किती श्रम (एका माणसाचे किती दिवस) लागले, ते पाहून हिशेब करायचा.

"मग दोन आकडे कशाला?"

"मला अजून सगळं माहीत नाही. जेवढं माहीत नाही, तेवढं दोन आकड्यांत अंतर."

जुईलीला ते पटलं नाही. तिने परीक्षा घ्यायची ठरवली. बाबांचं फाटलेलं जाळं अंगणात पडलं होतं. चहाला आलेल्या कारखानीसांना तिने विचारलं, हे शिवायला किती वेळ लागेल. त्यांनी जाळ्याकडे न पाहताच एक दिवस सांगितला. मापारीने जाळं उलगडलं, अडतीस भोकं मोजली, बाबांना मागच्या वेळी किती दिवस लागले ते विचारलं आणि म्हणाला, दोन ते पाच दिवस. पहिल्या संध्याकाळपर्यंत बाबांनी बारा भोकं शिवली. तेव्हा त्याने आकडा बदलला: एकूण तीन ते चार दिवस. चौथ्या दिवशी दुपारी जाळं तयार झालं.

आता जुईलीचा संशय दुसरीकडे वळला. ग्रामसभेच्या आधी, आई शेजारी असतानाच, तिने कारखानीसांना विचारलं, "वादळं दोन महिन्यांवर असती, तर तुम्ही किती सांगितलं असतं?"

कारखानीस हसले. "मग दोन महिन्यांत बसवलं असतं."

आईने हातातला कप खाली ठेवला. तीन महिने हे मोजून काढलेलं उत्तरच नव्हतं. गावाला जे ऐकायचं होतं, तेच गावाला सांगितलं गेलं होतं.

ग्रामसभेत कुणीतरी सुचवलं, की तिप्पट माणसं लावा. मापारीने समजावलं, की नव्या माणसांना शिकवण्यात आणि एकमेकांना विचारण्यातच बराच वेळ जातो. माणसं तिप्पट केली म्हणून वेळ एक तृतीयांश होत नाही.

तेव्हा आई म्हणाली, "वेळ वाढत नाही, माणसं वाढवून भागत नाही. मग काम कमी करू."

साठ घटकांपैकी वादळाआधी टाळताच येणार नाहीत असे अकरा निवडले. मापारीचा नवा अंदाज आला, अडीच ते साडेतीन महिने. लांबचा आकडाही हंगामाच्या अलीकडे होता. कारखानीसांच्या माणसांनी काम सुरू केलं. मध्येच पाणी मोजणाऱ्या उपकरणांवर चिखल बसू लागला आणि त्यांची मोजणी चुकू लागली. हे मापारीच्या यादीतही नव्हतं. त्याने ते कबूल केलं. काम सव्वातीन महिन्यांनी संपलं, आणि जूनच्या पहिल्या वादळात दरवाजा वेळेवर बंद झाला. गावात पाणी शिरलं नाही.

पुढच्या महिन्यात शेजारच्या खाडीवरची माणसं त्यांच्या दरवाजासाठी तसंच सॉफ्टवेअर मागायला आली. मापारीने सागवेळच्या अनुभवावरून सांगितलं, तीन ते साडेतीन महिने. सगळ्यांनी माना डोलावल्या.

जुईली मात्र उठून उभी राहिली. "त्यांच्या खाडीला नदी मिळते, आपल्या खाडीला नाही. नदी आणखी चिखल आणेल. तू ते पाहिलंयस का?"

मापारीने पडद्यावरचा दुसरा आकडा वाढवून पाच केला आणि तिला विचारलं, "उद्या सकाळी नदी पाहायला माझ्याबरोबर येशील?"