कोमट पाण्याची तक्रार

"थंड नळाला गरम पाणी येतंय आणि गरम नळाला कोमट," फोनवरचा आवाज म्हणाला. "आणि हे फक्त संध्याकाळी होतं."

"सकाळी काय होतं?" मी विचारलं.

"सकाळी सगळं शहाण्यासारखं असतं."

खरं तर हा फोन माझा नव्हताच. आमच्या वर्कशॉपमध्ये कॅराव्हॅन बनतात, म्हणजे आत पलंग, ओटा, न्हाणीघर असलेल्या गाड्या. तक्रारींचे फोन अभिनव घेतो. त्या सोमवारी तो स्वतःच्या साखरपुड्याला गेला होता आणि फोन वाजून वाजून माझं डोकं उठलं, म्हणून मी उचलला. मी पाण्याच्या लाइनींची ड्रॉइंग काढते. गिऱ्हाइकाच्या दारात मला कोणी पाठवत नाही, कारण मालकांच्या मते माझं तोंड गिऱ्हाइकाला परवडणारं नाही. मी नम्रता, मूळची वाशिमची. कर्वेनगरला कॉलेजला आले, सहा वर्षांत पुणेरी टोमणे शिकले आणि घरून आणलेला फटकळपणाही सोडला नाही. आईबाबांनी नाव चांगलं ठेवलं होतं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

पण फक्त संध्याकाळी बिघडणारी लाइन? ती मला बघायचीच होती. गाडी माझ्याच ड्रॉइंगवर बनलेली होती.

खराडी गावठाणात, काचेच्या इमारतींच्या मागे, एका गोठ्यात ती उभी होती. म्हशी दिवाळीत विकून झाल्या होत्या, खुंटे अजून तसेच. गाडीजवळ एक उंच, चष्मेवाला तरुण वही घेऊन थांबला होता. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पायात घरातल्या सपाता.

"मी ऋषी. लॉग ठेवलाय," त्याने वही पुढे केली.

तारीख, वेळ, कुठला नळ, कसं पाणी... सगळं नीट आखलेलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'थंड नळ – औषध घेण्याइतकं गरम.'

"हे कुठलं माप?"

"आईचं."

हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. जानेवारीची थंडी होती, बोटं आखडली होती, तरी मी गीझर पाहिला, पंप पाहिला, एकेक सांधा चाचपला. बाहेरच्या अंगाला छोट्या झाकणामागे हँडशॉवर असतो, त्याचेही दोन्ही नळ घट्ट बंद. थंड पाणी थंड, गरम पाणी चटका बसेल असं गरम.

"तुमच्या आयटीत काय म्हणतात... बिघाड रिप्रोड्यूस होत नाही, माझ्यासमोर घडतच नाही."

"असं म्हणणाऱ्याला आम्ही चहा देत नाही."

"नका देऊ."

"पण आईने आधीच टाकलाय," तो म्हणाला, आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला की मला हसू आलंच. त्याने ते पाहिलं. मी पाहिलं की त्याने पाहिलं – आणि उगीच पाना पिशवीत टाकला.

चहा घेऊन त्याची आई आली. सरुबाई. एकेक पाऊल जपून टाकत.

"चाळीस वर्सं दोन येळा धार काढली, पोरी. म्हशी टाकून कुठं मुक्कामाला जायची? आता ह्यांनी गाडी घेतली. कन्याकुमारीला नेतो म्हणत्यात रविवारी. पर गुडघ्यावर रातच्याला कढत पाणी पडलं न्हाय तर मला सकाळी उठताच येत न्हाय. कोमट पाण्यावर मी जायची न्हाय बघ. रविवारपातुर झालं तर झालं."

ऋषी मला फाटकापर्यंत सोडायला आला. समोरच्या काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथे पप्पा ज्वारी काढायचे. आता मी बग काढतो." मग हळूच, "आईला कुठेच नेलं नाही, हे पप्पांना फार लागतं. ही ट्रिप मोडली तर ती पुन्हा तयार होणार नाही. मी ओळखतो तिला."

"तुमचा नंबर द्या."

"तक्रारीसाठी?"

"मग कशासाठी?" मी म्हटलं. पण नंबर सेव्ह करताना आडनाव लिहायचं राहून गेलं, नुसतंच ऋषी लिहिलं.

संध्याकाळी सात दहाला मेसेज आला, 'थंड नळ – औषध.' मंगळवारीही तोच, त्याच वेळी. पण मंगळवारी त्याच्या मागून प्रश्न आले. गरम पाणी वर का चढतं? गाडी उतारावर असली तर टाकी कळते का? पंपाला कसं समजतं की कोणीतरी नळ सोडलाय? मी उत्तरं लिहीत बसले, भाजी करपली. मला आजवर मुलांनी फिरायला येतेस का विचारलं होतं, कॉफी घेतेस का विचारलं होतं. पाइपबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. बाई गं, म्हटलं, आता सांभाळ.

बुधवारी सकाळी अकराला मी पुन्हा गोठ्यात. अभिनव कामावर परत आला होता, तरी मीच गेले. पुन्हा सगळं ठीक. थंड थंड, गरम गरम.

आणि मग माझ्या तोंडाने घात केला.

"अहो, स्पष्टच विचारते," मी सरुबाईंच्या देखत म्हटलं. "मी असते तेव्हा काही होत नाही, मी गेले की होतं. मला बोलवायला कारण हवं म्हणून तुम्हीच काही करत नाही ना?"

मला वाटलं तो हसेल. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"आईच्या गुडघ्यांचा मी खेळ करीन, असं वाटतं तुम्हाला?"

"तसं नाही – "

"पाणी ठीक आहे, मॅडम. तक्रार बंद करा." आणि वही घेऊन तो घरात गेला.

बुधवारी संध्याकाळी मेसेज आला नाही. गुरुवारी सात दहालाही नाही. सात वीसला नाही, आठला नाही. मी फोन बंद करून चालू केला, न जाणो. चूक माझी होती, ते मला कळत होतं. पण त्याहून वाईट गोष्ट निराळीच होती. मला तो आरोप खरा असायला हवा होता. तो खरंच मला मुद्दाम बोलावत असता, तर मी वरून चिडले असते आणि मनातून सुखावले असते. आता सरुबाईंची कन्याकुमारी राहणार होती, आणि माझंही काहीतरी राहणार होतं.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी कर्वेनगरची बस सोडून दिली आणि खराडीला गेले. न बोलावता.

"तक्रार बंद केली होती," ऋषी दारात म्हणाला.

"म्हणूनच. आज मी माझी माझी आलेय. बघू द्याल का?"

तो बाजूला झाला. साडेसहाला दोन्ही नळ पाहिले, ठीक होते. मग आम्ही गाडीच्या पायरीवर बसलो, मध्ये माझी हत्यारांची पिशवी. मी पिशवीतले पाने मोजत बसले.

एवढ्यात त्याचे वडील, जयसिंगकाका, नदीकाठच्या भाजीच्या तुकड्यावरून आले. पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले. "आलीस का," म्हणाले, गाडीचं बाहेरचं झाकण उघडलं, हँडशॉवरचे दोन्ही नळ सोडले, ऊन ऊन पाण्याने पाय धुतले, शॉवरचं बटण दाबून पाणी थांबवलं, झाकण लावलं आणि आत जाऊन पलंगावर टेकले.

"ऋषी, आत जाऊन थंड नळ सोडा."

तो गेला. आतून पाण्याचा आवाज आला आणि मग त्याचा.

"नम्रता... औषध."

'मॅडम' गेली होती, नुसती नम्रता उरली होती. मी झाकण उघडलं. शॉवरचं बटण बंद, पण मागचे गरम आणि थंड, दोन्ही नळ सताड उघडे. बाहेर थेंब गळत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. आत मात्र गरमाची आणि थंडाची लाइन एकमेकींना मिळतात आणि सगळ्या गाडीत पाण्याची मिसळ होते.

"बाहेरून आल्यावर पाय धुतल्याबिगर मी घरात येत न्हाय," काका गोंधळून म्हणाले. "चाकं असली म्हणून काय झालं? घरच हाय की."

"आन् ते नळ रोज सकाळी गाडी पुसताना मी बंद करते," सरुबाई दारातून म्हणाल्या. "मला वाटायचं, ह्यो ऋषीच उघडं टाकतो. ह्यांचं चाळीस वर्सं असंच हाय. हे उघडणार आन् मी बंद करणार."

मी तो शॉवर सहलीला जाणाऱ्यांसाठी काढला होता, ओले कुत्रे आणि सायकली धुवायला. पाय धुऊन घरात येणारा माणूस माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हताच. वाशिमला माझे स्वतःचे बाबा दारातल्या बादलीत पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. मला फार लाज वाटली.

शनिवारी मी दोन्ही लाइनींना पाणी उलटं जाऊ न देणारे व्हॉल्व्ह बसवले. आता काका नळ विसरोत की मुद्दाम उघडे ठेवोत, मिसळ होणार नव्हती. ऋषीने बॅटरी धरली. दोनदा आमची बोटं एकाच पान्यावर आली, आणि दोन्ही वेळा कोणी घाई केली नाही.

"अंघोळ करून बघते," सरुबाई म्हणाल्या, आणि गाडीच्या न्हाणीघरात गेल्या. कडी लागली. पाणी सुरू झालं. आम्ही दोघं बाहेर, पत्र्याला कान लावून.

"कढत हाय गं," आतून आवाज आला, आणि ऋषीने डोळे मिटले. किती दिवसांनी त्याचे खांदे खाली आले असतील कोण जाणे.

"बुधवारचं..." मी म्हटलं. "माझं चुकलं. मनापासून सांगते."

"नाही. ऐका." तो जमिनीकडे बघत होता. "मंगळवारी तुमची उत्तरं वाचताना माझ्या मनात आलं होतं, की दोष इतक्यात नाही सापडला तर बरं. आईचे गुडघे डोळ्यांसमोर असताना असं आलं. तुम्ही विचारलंत तेव्हा राग तुमचा नव्हता... माझाच आला होता."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले, ते कुजबुजल्यासारखं आलं.

"आता तक्रार उरली नाही."

"हं."

"मग मी फोन कुठल्या तोंडाने करू?"

"याच."

तो हसला. मग हसू थांबलं, आणि त्याने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "मला तुम्ही आवडता, नम्रता. तुमचं ते बोलणंसुद्धा. मी... मी आवडतो का तुम्हाला?"

मी उगीच पाना पुसायला घेतला. आतलं पाणी थांबलं होतं.

"पोरी," पत्र्याच्या पलीकडून सरुबाईंचा आवाज आला, "काय ते लवकर बोल. टाकी लहान हाय, पाणी निवतंय, आन् तुझं ऐकल्याबिगर मी बाहेर येत न्हाय."

ऋषी कानापर्यंत लाल झाला. मीही झाले असणार.

"हो," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं, म्हणजे आतही नीट ऐकू जाईल.