टाचेखालचं लाटणं

मंजुळाला वाटलं, तो आपली नक्कल करतोय.

कारखान्याच्या दवाखान्याबाहेर बाकावर ती बराच वेळ बसली होती. श्रावण होता; ऊन आणि पाऊस आळीपाळीनं येत-जात होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुरळ्या केसांचा एक उंचापुरा तरुण पायातला बूट काढून हातात धरून बसला होता. आतून हाक आली तशी ती उठली. उठताक्षणी डावी टाच ठणकली आणि ती लंगडतच दाराकडे निघाली. मागून पावलं वाजली. वळून बघते तर तोही तसाच, डाव्याच पायानं, लंगडत येतोय.

"लाज नाही वाटत?" ती म्हणाली.

"कशाची?"

"दुसऱ्याच्या दुखण्याची नक्कल करताना."

"मला वाटलं, तुमीच माझी करताय," तो म्हणाला. "पण तुमी पुढं हाय… मग कसं बोलायचं?"

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "दोघंही या. एकच दुखणं दोनदा कोण ऐकत बसेल?"

डॉक्टरीणबाईंना सगळा कारखाना सुमनताई म्हणायचा. त्यांनी दोघांच्या टाचा दाबून बघितल्या. पिंपरीचा हा औषधाचा कारखाना सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. मंजुळा बाटल्या भरण्याच्या खात्यात दिवसभर उभी असायची. तिथं वहाणा बाहेर काढाव्या लागत, आणि खाली नुसता सिमेंटचा कोबा. तो तरुण बॉयलरवर होता. नाव ज्योतीराम, गाव साताऱ्याकडचं. अंगापिंडानं दणकट, पण स्टोअरमधून मिळालेले बूट त्याला घट्ट होते आणि तसं सांगायला तो लाजत होता.

"बसून उठल्यावर पहिली पावलं जड जातात, मग चालता चालता मोकळं होतं. खरं ना?" सुमनताईंनी विचारलं.

दोघांनी एकदम मान हलवली आणि मग एकमेकांकडे बघितलं. मंजुळानं नजर आधी काढून घेतली, पण लगेच नाही.

"तळव्याची शीर आखडलीय. उठायच्या आधी बसल्या जागी पायाची बोटं हातानं आपल्याकडे ओढायची. तळव्याखाली लाटणं ठेवून हळूहळू फिरवायचं. अनवाणी उभं राहायचं नाही. तुझ्या खात्यात मी सांगते, आत घालायला स्वच्छ कापडी बूट देतील. आणि तू रे, पायाच्या मापाचे बूट माग. पण ध्यानात ठेवा… सूज चढली, लाल झालं, ताप आला, पाय बधिर वाटला किंवा टेकवेनासा झाला, तर घरी औषधं करत बसायचं नाही. त्याच दिवशी इथं यायचं. आणि काही आठवड्यांत उतार पडला नाही, तरी यायचं."

"बाई, लवकर बरं व्हायला हवं हो," मंजुळा हळूच म्हणाली.

तिची घाई खरी होती. चिंचवडला तिच्या घरी मागच्या महिन्यात खेडची मंडळी तिला बघायला आली होती. रिवाजाप्रमाणे तिला बराच वेळ पाटावर बसवलं, काय काय विचारलं आणि मग म्हणाले, जरा चालून दाखव. पाटावरून उठल्यावर जे व्हायचं तेच झालं. मंडळींनी पोहे संपवले आणि मुलगी लंगडी असल्याचं वाटेतल्या प्रत्येक गावाला सांगत ती मंडळी परत गेली. तेव्हापासून उद्धवमामांनी चऱ्होलीच्या एका बिजवराचं नाव लावून धरलं होतं. त्याला तीन मुलं होती आणि बायको कशी चालते याची त्याला अजिबात फिकीर नव्हती. दसऱ्यापर्यंत दुसरं स्थळ जमलं नाही, तर मामा तिथं सुपारी फोडणार होते.

घरी जाऊन मंजुळानं लाटणं जमिनीवर ठेवलं आणि त्यावर पाय ठेवला. आई, रुक्मिणीबाई, नेमकी तेव्हाच आत आली.

"अगं, भाकर-तुकड्याच्या वस्तूला पाय लावतीस?" लाटणं हिसकून घेत आई म्हणाली. "डॉक्टरनीनं सांगितलं म्हून? उद्या परातीत उभी राहा म्हनंल."

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली, ज्योतीरामनं सहज विचारलं, "लाटणं फिरवलं का?"

"आईनं काढून घेतलं."

त्याच आठवड्यात त्यानं सदऱ्याखालून एक लाटणं काढून तिच्यापुढे धरलं. सुतारखात्यातल्या दोस्ताकडून करून घेतलेलं, सागवानी, दोन्ही टोकांना तांबडे पट्टे.

"लोक गजरा देतात," मंजुळा म्हणाली.

"गजरा सुकतो. आन् त्याच्यावर पाय ठेवला तर वाया जातो."

तिला हसू आवरेना. पदर तोंडावर धरून ती हसत राहिली, आणि तो आपला गंभीर चेहरा करून उभा. मग रोज चिंचेखाली टाचेची चौकशी होऊ लागली. टाच बरी होत चालली तशी चौकशी लांबत गेली. आता दुखत नाही हे मंजुळानं त्याला सांगितलंच नाही. सांगितलं तर उद्या तो काय विचारणार?

पण लेकीला रोज घरी यायला उशीर होतो तो टाचेमुळंच, असं रुक्मिणीबाईंनी धरलं होतं आणि त्यांचा धीर संपला होता. एका सकाळी त्यांनी लेकीला धरून बसवलं आणि टाचेला बिब्बा घातला. दुपारपर्यंत टाच भाजल्यासारखी झाली, फोड आले, पाऊल लालभडक होऊन सुजलं. सुट्टीच्या भोंग्यानंतर मंजुळा चिंचेपाशी आली ती झाडाला धरून उभी राहिली.

"उद्या उतरेल," ती म्हणाली.

ज्योतीराम खाली वाकला. पायाला हात लावायचा त्याला धीर झाला नाही, पण हात जवळ नेला तरी ऊब जाणवली. "अंगात कणकण हाय?"

"थोडी."

"मग उद्या न्हाई. आत्ता."

"लोक बघतील…"

"बघू द्या. सुमनताई काय बोलल्या, इसरला?"

त्यानं तिला सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि सायकल हातानं ढकलत दवाखान्याकडे निघाला. तो स्वतः अजून लंगडत होता, त्यामुळे सायकल डावीकडे झोकांडत होती. मंजुळानं तोल सांभाळायला त्याच्या खांद्याला धरलं. रस्ता सरळ झाला तरी हात तिथंच राहिला.

सुमनताईंनी फोड साफ केले, पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं आणि रुक्मिणीबाईंना निरोप धाडला की पुन्हा बिब्बा दिसला तर त्यांनाच लावीन. पाय बरा व्हायला भाद्रपद उजाडला. त्याच सुमारास ज्योतीराम पिंपरीत जिच्या घरी राहायचा त्या आत्यानं, कौशल्याबाईंनी, चिंचवडला रीतसर निरोप धाडला… मुलगी बघायला येतो म्हणून.

उद्धवमामांना तो बॉयलरवर काम करतो एवढंच कळलं होतं. चिंचेचं झाड त्यांना ठाऊक नव्हतं.

मंडळी आली, सतरंजीवर बसली. मंजुळानं पाटावर बसल्या बसल्या पदराआड पायाची बोटं ओढून घेतली होती. कौशल्याबाई म्हणाल्या, "बाळ, जरा चालून दाखीव." ती उठली आणि ओसरीच्या टोकापर्यंत अशी गेली की आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मुलगी नामी हाय," आत्या म्हणाल्या. "ज्योती, वडीलधाऱ्यांच्या पाया पड."

ज्योतीराम मघापासून मांडी घालून बसला होता, अनवाणी, सतरंजीच्या कडेला. बूट त्यानं अजूनही बदलून मागितले नव्हते. तो घाईनं उठला आणि मामांपर्यंत पोचेस्तोवर घरभर सगळ्यांनी बघितलं.

मामांनी आशीर्वादाचा हात अर्ध्यात थांबवला. "पोरगा लंगडतोय," ते म्हणाले. "आमची पोर धडधाकट हाय. चऱ्होलीचं स्थळ काय वाईट न्हाई."

"न्हाई हो, बूट घट्ट…" ज्योतीराम पुटपुटला. अनवाणी माणसाच्या तोंडी ते कुणालाच पटलं नाही. कौशल्याबाई पिशवी आवरू लागल्या.

बघायच्या कार्यक्रमात मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. मंजुळा आत गेली आणि तांबड्या पट्ट्यांचं लाटणं घेऊन बाहेर आली. ते तिनं ज्योतीरामच्या पायापाशी ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "आधी बोटं ओढून घ्या. मग तळवा फिरवा. घाई करायची नाही, कितीदा सांगितलं."

तो निमूटपणे बसला, पाय फिरवला. पुन्हा उठला आणि सरळ चालत मामांपर्यंत गेला. रुक्मिणीबाई त्या लाटण्याकडे बघत राहिल्या. ते त्यांच्या घरातलं नव्हतं.

"मामा," मंजुळा म्हणाली, "मला हेच हवेत. लंगडले तरी."

मामांनी रागानं आत्यांकडे बघितलं. आत्यांनी लाटणं उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"असलंच दुसरं आमच्या घरी याच्या खाटेखाली हाय," त्या म्हणाल्या. "मी आपली गणपतीपास्नं विचारत्येय, पोळ्या करतोस कुणासाठी. बसा उद्धवराव, सुपारी आणा."